नवऱ्याचं पोस्टिंग परदेशात आणि निर्वासितांसाठी काहीतरी करायचंय, तर आधी हे वाचा

गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची सून घरी आली होती. तिच्या नवऱ्याला जॉर्डनमधे, अम्मानच्या आपल्या दूतावासात पोस्टिंग मिळालंय, दोन महिन्यांत निघायचं, घरभर पसारा, आणि चहा घेता घेता मधेच म्हणाली, मावशी तुम्ही तिकडे निर्वासितांच्या मुलींना शिकवायला जायचात ना, मलाही जायचंय पण कुणाला विचारायचं काहीच माहीत नाही. दोन तास बोललो तरी अर्धं राहिलंच. पुण्यातून दर वर्षी अशी घरं बाहेर पडतात, कुणी परराष्ट्र खात्यातले, कुणी लष्करातून अ‍ॅटॅशे म्हणून, कुणी यूएनमधे, आणि बरोबर गेलेल्या बायका (हल्ली नवरेसुद्धा असतात, बायकोच्या पोस्टिंगबरोबर गेलेले) तिथे पोचल्यावर हाच प्रश्न घेऊन बसतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. आम्ही आधी नैरोबीला होतो, मग तीन वर्षं अम्मानला, आता कोथरूडला परत.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपण तिथे तीन वर्षांसाठी आलोय आणि जाणार आहोत, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, समोरच्याला नसतं. ही माणसं एकदा घरदार, शेजारपाजार, सगळं सोडून आलेली आहेत, त्यात आपणही दोन महिने जीव लावून मग अचानक नाहीसं व्हायचं हे फार वाईट. जेवढं निभेल तेवढंच कबूल करा, आणि एकदा कबूल केलं की त्याच वारी त्याच वेळेला जाऊन हजर व्हा, पाऊस असो नाहीतर घरी संध्याकाळी पंचवीस माणसांचं रिसेप्शन असो. आठवड्याला दीड तास पण वर्षभर न चुकता, हे रोज येते म्हणून महिनाभरात थकून जाण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. बाकी सगळं मी पुढे सांगतेय ते या एका गोष्टीच्या आधाराने वाचा.

आता पुण्यात असतानाच करून घ्यायची कामं. पहिलं म्हणजे पीसीसी, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. मुलांबरोबर काम करणारी कुठलीही चांगली संस्था ते मागतेच, आणि जी संस्था काहीच न विचारता तुम्हाला मुलांच्या खोलीत सोडते तिथे मी तरी जाणार नाही. इथे काढायचं राहून गेलं तर तिकडच्या आपल्या दूतावासातूनही काढता येतं, पण इथूनच नेलेलं बरं. दुसरं भाषा. बर्लिन, पॅरिस असेल तर फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहेच, अरबीसाठी मी कॅम्पात एका बाईंकडे चार महिने जायचे, आठवड्यातून दोनदा, पीएमटीने. पुस्तकातली अरबी आणि घरात बोलायची अरबी यात खूप अंतर आहे, जॉर्डन-सीरियाकडे जी बोलतात तिला शामी म्हणतात, ती थोडी जरी आली तरी दार उघडतं. मला व्याकरण फारसं जमलं नाही पण शंभरेक वाक्यं पाठ होती आणि तेवढ्यावर पहिलं वर्ष निघालं. कुणी काम करताना दिसलं की "यअतीक अल-आफ्ये" म्हणायचं, देव तुला ताकद देवो, आपल्याकडे शेतात काम करणाऱ्याला येता-जाता हाक मारतात तसंच ते. बायकांशी बोलताना "यअतीकी".

आणि नावं. तिकडे मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, थोरल्या मुलाच्या नावावरून उम्म अमुक, म्हणजे अमुकची आई, अगदी आपल्या बाळूची आई सारखं. आपल्याला हे फार जवळचं वाटतं आणि पटकन तोंडात बसतं, पण इथेच सांभाळा. तिने स्वतः सांगितलं तर तेच वापरा, आपण होऊन "तुम्हाला मुलं किती, थोरला काय करतो" असं विचारू नका. पुण्यात नवीन शेजारीण आली की पहिला प्रश्न हाच असतो, सवयीने तोंडातून जातो. मी एकदा विचारला. ती बाई चहाचे ग्लास विसळत होती, हात तसाच पाण्याखाली राहिला, आणि नुसतं "पाच होती" म्हणाली. त्यानंतर मी कधीही कुणाला विचारलं नाही, ज्यांना सांगायचं होतं त्यांनी आपापल्या वेळेला सांगितलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली एक छोटं मार्गदर्शक काढलंय, मोठा धक्का बसलेल्या माणसाला पहिला मानसिक आधार कसा द्यायचा याचं, त्याचं सूत्र तीन शब्दांचं, पाहा, ऐका, जोडून द्या. निघण्याआधी ते वाचाच. आपण समुपदेशक नाही, कुणाची कहाणी खोदून काढणं आपलं काम नाही, समोरची बोलली तर ऐकायचं आणि मदत लागणार असेल तर जिथे ती खरोखर मिळते तिथपर्यंत पोचवायचं.

घरातून एक प्रश्न नक्की येणार, मलाही आला, आपल्याला काय करायचंय त्यात पडून, आपण बरं आपलं बरं. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं की पिंपरी कॅम्पाला कॅम्प का म्हणतात? फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांची छावणी होती ती, आज तिथे बाजारात खरेदीला जाताना कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे जवळपास पाच हजार निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, त्यांची शाळा होती, चर्च होतं. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. कुणाचं पोस्टिंग पोलंडला असेल तर हे माहीत असू द्या, फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनमधून लाखो लोक तिथे आले आणि अशा कामात कुणी म्हातारी पोलिश बाई भेटली तर वळिवडे हा शब्द तुमची ओळख करून देईल. सासूबाई त्यानंतर काही बोलल्या नाहीत, पण निघताना लोकरीच्या चार टोप्या विणून दिल्या.

पोचल्यावर लगेच धावू नका. पहिले दोन महिने घर लावा, मुलांच्या शाळा बघा, रस्ते ओळखीचे होऊ द्या. आणि एचओसींना, म्हणजे हेड ऑफ चान्सरींना, एक साधा ईमेल टाका की मी अमुक संस्थेत आठवड्यातून एकदा विनामोबदला शिकवणार आहे, पत्ता हा, वेळ ही. तोंडी सांगून भागत नाही, अधिकारी बदलतात आणि पुढच्याला काही माहीत नसतं. परवानगी मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, कारण तिथे तुम्ही नुसत्या तुम्ही नसता. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने राजनैतिक अधिकाऱ्याला आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबाला संरक्षण मिळतं, पण त्याच कराराचं कलम ४१ सांगतं की यजमान देशाचे कायदे पाळायचे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. निर्वासितांचा प्रश्न हा कुठल्याही देशात राजकारणाचाच प्रश्न असतो. मोर्चा, सह्यांची मोहीम, सोशल मीडियावर त्या सरकारने काय करायला हवं याची पोस्ट, यातलं काहीही नाही. लोक तुम्हाला विचारतील की भारत निर्वासितांना कसं वागवतो, भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही हे खरं, जॉर्डननेही केलेली नाही, आणि तरी आपण १९५९ पासून तिबेटी लोकांना आणि १९८३ पासून श्रीलंकेच्या तमिळांना राहू दिलं हेही खरं. एवढं सांगून थांबा, मत द्यायला बसू नका.

पैशाचं तर त्याहून जपून. केंद्र सरकारी नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम १२ आहे, त्याप्रमाणे पूर्वपरवानगी न घेता सरकारी नोकराने कुठल्याही कारणासाठी वर्गणी मागायची नाही, घ्यायची नाही, गोळा करण्याशी संबंधसुद्धा ठेवायचा नाही, रोख असो की वस्तू. तुम्ही स्वतः नोकरीत नसाल, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही मदतीचं आवाहन टाकलं की लोक नवऱ्याचं पद बघूनच पैसे पाठवणार, मग चौकशी त्याची होणार. आम्ही काय केलं, तर ज्याला द्यायचंय त्याला संस्थेचं अधिकृत खातं दाखवायचं, आपल्या हातातून एक दिनारही जाऊ द्यायचा नाही. आणखी एक, पुण्यातले नातेवाईक प्रेमाने विचारतात की डिप्लोमॅटिक बॅगमधून पाठवता येईल का सामान. येत नाही. त्या व्हिएन्ना कराराच्याच कलम २७ प्रमाणे त्या बॅगेत फक्त राजनैतिक कागदपत्रं आणि सरकारी वापराच्या वस्तू जाऊ शकतात. चार टोप्याही नाहीत, त्या माझ्या सुटकेसमधून गेल्या.

आता कुठे जायचं. निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तंबू येतात, छावणी येते. जॉर्डनमधली झातरीची छावणी जुलै २०१२ मधे उघडली, सीरियाच्या सीमेपासून जेमतेम बारा किलोमीटर, एका वेळेला ऐंशी हजारांच्या आसपास माणसं तिथे राहत होती. पण तिथे असं उठून जाता येत नाही, सरकारी परवाना लागतो, आणि खरं सांगायचं तर आपल्यासारख्या हौशी स्वयंसेवकाची तिथे फार गरजही नसते, मोठ्या संस्था असतात, शिवाय छावणीतलेच शिकलेसवरलेले लोक काम करतात. आणि जॉर्डनमधले पाचातले चार सीरियन निर्वासित छावणीत राहतच नव्हते, ते शहरांत होते, पूर्व अम्मानमधे, झरकाला, इरबिदला, भाड्याच्या खोलीत, तळघरात, भिंतींना ओल आलेली. दूतावासांची घरं पश्चिम अम्मानमधे, त्यामुळे तीन वर्षं राहून ही वस्ती न बघताच परत गेलेले लोक मला माहीत आहेत. नैरोबीलाही हेच, दादाब आणि काकुमाच्या छावण्या १९९१-९२ पासूनच्या, शेकडो किलोमीटर लांब, पण शहरातच ईस्टलीला सोमाली कुटुंबं भरपूर. ढाक्याला असाल तर कॉक्स बाझारला रोहिंग्यांसाठी जावंसं वाटेल, ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त माणसं तिथे आली, पण तो विषय आपल्या देशाच्याही दृष्टीने नाजूक आहे, तिथे एचओसींच्या लेखी होकाराशिवाय काहीही नको.

संस्था शोधायची तर शेजारचं समाजकेंद्र, चर्च, मशिदीचं धर्मादाय काम, शाळेची संध्याकाळची जागा असं काहीतरी बघा, जे तुम्ही यायच्या आधीपासून चालू आहे आणि तुम्ही गेल्यावरही चालणार आहे. पहिल्या भेटीत मी काय देऊ शकते हे सांगत बसू नका, तुम्हाला काय लागतंय हे विचारा. मी मनात चित्रकलेचा वर्ग ठरवून गेले होते. केंद्र चालवणाऱ्या जॉर्डनच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आमच्या मोठ्या मुलींना तौजीहीला इंग्रजी अडतं. तौजीही म्हणजे तिकडची बारावी, त्यावर पुढचं सगळं ठरतं. झालं, मग इंग्रजी.

वेळसुद्धा त्यांच्या सोयीने. जॉर्डनमधल्या बऱ्याच सरकारी शाळा दोन पाळ्यांत चालतात, सकाळी तिथली मुलं आणि दुपारी सीरियन मुलं, आपल्याकडे सकाळची शाळा दुपारची शाळा असते तसं. म्हणजे मुली मोकळ्या असायच्या त्या सकाळी. आपल्या दूतावासातल्या बायकांची कॉफी, क्लबच्या मीटिंगा सगळ्या सकाळीच, त्यामुळे निवड करावी लागली, मी मंगळवारच्या कॉफीला जाणं बंद केलं, आणि कारण खरं सांगितल्यावर कुणी रागावलं नाही. रमजानमधे सगळ्या वेळा बदलतात, तेव्हा आपण त्यांच्यासमोर पाण्याची बाटलीही काढायची नाही, दीड तास तहान लागली तर लागू दे.

वर्गातली एक गोष्ट सांगते कारण ती मला अजून दिसते. अरबीत प हा उच्चारच नाही, ब म्हणतात. पहिल्या दिवशी मी फळ्यावर माझ्या गावाचं नाव लिहिलं आणि आठही मुली एका सुरात म्हणाल्या, बुणे. मग एकीने कागदाचा बारीक कपटा फाडून तळहातावर ठेवला, ही युक्ती तिला कुठल्यातरी शिक्षिकेने सीरियात, दराआला असताना शिकवली होती, आणि म्हणाली प म्हणताना कपटा उडतो, ब म्हणताना उडत नाही. सगळ्याजणी कपटे फाडून पुणे पुणे करत बसल्या, जमिनीवर नुसता कागदांचा सडा. त्या दिवशी मी काही शिकवलंच नाही, ती पोरगीच शिकवत होती. पुढे मी प्रत्येक वर्गात कुणा ना कुणाकडे तरी शिकवायचं काम द्यायला लागले. या मुलींना घरी दारी सगळीकडे फक्त घ्यावं लागत होतं, मदत घ्या, कुपन घ्या, सल्ला घ्या. द्यायला मिळालं की चेहरा वेगळा व्हायचा.

वस्तूंबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. पहिल्या हिवाळ्यात आमच्या ग्रुपने कपडे गोळा केले, अम्मानची थंडी बोचरी असते, कधी बर्फही पडतो, त्यामुळे मनापासून केलं होतं सगळं. चौदा खोकी झाली. केंद्रात ठेवायला जागा नव्हती म्हणून मुलींचा वर्ग दोन आठवडे बंद ठेवून खोकी तिथे रचली, आणि मी आणि तिथल्या दोन बायका दोन दिवस निवडत बसलो. उंच टाचांच्या चपला, पार्टीचे बिनबाह्यांचे ड्रेस, लहान बाळाचा एकच बूट, डाव्या पायाचा. जुन्या पातळ साड्या होत्या, त्याचं काय करायचं ते त्या बायकांना कळेना. शेवटी दोन खोकी कामाची निघाली. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, उलट आम्हालाच चहा करून दिला, आणि त्याचंच मला फार लागलं. त्या दोन दिवसांत विचारलं तेव्हा कळलं की त्यांना हवं होतं गॅसचं सिलिंडर भरायला पैसे, तिकडे खोलीत गॅसची शेगडी पेटवून ऊब घेतात.

तेव्हापासून माझा नियम असा की केंद्राने मागितल्याशिवाय वस्तू नाही, आणि मागितली तर नवी, मापाची, जोडीची. आणि शक्य असेल तिथे पैसे, तेही संस्थेमार्फत, म्हणजे ज्याला जे हवं ते तो स्वतः घेईल. मोठ्या संस्थांनीही हाच रस्ता धरलाय, झातरीतल्या दुकानात २०१६ पासून लोक डोळ्याची बुबुळं स्कॅन करून आपल्या नावचे पैसे वापरू लागले आणि रांगेत पोतं घेण्याऐवजी फडताळावरून स्वतः निवडून तेल, मसूर घेऊ लागले. कुणाच्या हातात आपण स्वतः गुपचूप नोट ठेवायची नाही. वाईट वाटतं, हात खिशात जातोच, पण एकीला दिले की संध्याकाळपर्यंत पूर्ण गल्लीला कळतं आणि मग तुमची वर्गात येणारी बाई ही ओळख पुसली जाते.

सगळ्यात अवघड प्रश्न व्हिसाचा. तुम्ही दूतावासातल्या आहात हे लपत नाही आणि लपवूही नये. कधीतरी कुणी फोनमधे कागद दाखवेल, भावाला भारतात उपचारासाठी न्यायचंय, मुलाला शिकायला पाठवायचंय, तुमच्या साहेबांना सांगा ना. तिथे "बघते", "विचारते" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आपल्याकडे बघते म्हणजे नाही हे सगळ्यांना कळतं, तिथे बघते म्हणजे ती माणसं महिनाभर फोनकडे बघत बसतात. मी पाठ करून ठेवलं होतं, माझ्या हातात हे नाही, माझ्या नवऱ्यालाही सांगता येणार नाही, अर्ज कुठे करायचा तो पत्ता मी लिहून देते. आणि खरंच लिहून द्यायचा, मोठ्या अक्षरात, फोन नंबरसकट. तिसऱ्या देशात कायमचं नेऊन वसवण्याबद्दल विचारतात, तर ते यूएनएचसीआर, म्हणजे यूएनची निर्वासितांसाठीची संस्था, आणि तो देश ठरवतो, आणि जगातल्या निर्वासितांपैकी दर वर्षी शंभरात एकालाही ती संधी मिळत नाही. हे सांगायला जड जातं पण सांगायला हवं, कारण दलाल टपलेले असतात. यूएनएचसीआर कुठल्याही कामाचे पैसे घेत नाही, हे एक वाक्य स्थानिक भाषेत पाठ करून ठेवा, यानेच एखाद्या घराची जमापुंजी वाचेल.

फोटो काढू नका. एका दूतावासाकडून पाहुणे आले होते केंद्रात, खोकी वाटतानाचे फोटो हवे होते, आणि मी बघितलं की मागच्या रांगेतल्या एका बाईने ओढणी नाकावर ओढून भिंतीकडे तोंड केलं. तिचा भाऊ तेव्हा सीरियातच होता, तिचा चेहरा कुठे दिसला असता तर त्रास त्याला झाला असता. तिला खोकं मिळालं नाही कारण ती पुढे आलीच नाही. मुलांचे फोटो तर परवानगी मिळाली तरी नकोत, नावं नकोत, गल्लीचं नाव नको, फॅमिली ग्रुपवर तर अजिबात नको कारण तिथून ते पुढे कुठे जातं आपल्याला कळत नाही.

जाताना दूतावासाच्या नंबरप्लेटची गाडी वस्तीत न्यायची नाही, सिक्युरिटीचा प्रश्न आहेच पण त्या घरावर सगळ्यांचे डोळे लागतात तेही बरं नाही. मी पिवळी टॅक्सी घ्यायचे, उतरून चार मिनिटं चालायचे. साधे पूर्ण बाह्यांचे कपडे, मंगळसूत्र एकपदरी. घरी बोलावलं तर जा, चहा घ्या, नाही म्हणू नका, पण बरोबर केंद्रातलं कुणीतरी असू द्या आणि जेवायला थांबू नका, कारण पाहुणीसाठी त्या दिवशीचं सगळं ताटात येतं. कडू कॉफी दिली तर छोटा कप परत करताना हाताने जरा हलवायचा, म्हणजे पुरे. नाही हलवला तर भरतच राहतात.

राजनैतिक वर्तुळाचा उपयोग कसा करायचा तेही सांगते, कारण तो खूप होतो. प्रत्येक राजधानीत निरनिराळ्या दूतावासांतल्या जोडीदारांचा क्लब असतो, वर्षातून एकदा धर्मादाय बाजार भरतो, आपला सामोसा-चहाचा स्टॉल सगळ्यात आधी संपतो हे ठरलेलंच. तो बाजार अधिकृत असतो, हिशोब असतो, तिथे मनापासून राबा. पण त्याहून मोठा फायदा माणसांचा. आमच्या क्लबमधे एक दातांची डॉक्टर होती, तिच्या देशाबाहेर तिला प्रॅक्टिस करता येत नव्हती, तिने मुलींना दात कसे घासायचे, काय खायचं हे शिकवलं, तपासणी केली नाही कारण तिथला परवाना नव्हता, आणि हे भान तिने ठेवलं याचं मला कौतुक आहे. कुणाला सुईकाम येतं, कुणाला हिशोब, कुणाला अर्ज भरणं. तेवढंच मागा लोकांकडे. आणि भेट द्यायला म्हणून बायकांची मिनीबस भरून नेऊ नका, ती माणसं काही बघायची जागा नाही.

तुमच्यावरही परिणाम होतो. दुपारी ओल आलेल्या तळघरातून यायचं आणि संध्याकाळी सिल्कची साडी नेसून राष्ट्रीय दिनाच्या रिसेप्शनला उभं राहायचं, हातात ग्लास, कुणीतरी विचारतं अम्मान आवडलं का. पहिल्या वर्षी मला झोप लागायची नाही. मी पुण्याला बहिणीला फोन करायचे, नावं न घेता बोलायचे, रडायचे, तिने कधी सल्ला दिला नाही, नुसतं हं हं करायची, त्याने बरं वाटायचं. असं एक माणूस ठरवून ठेवा. नवऱ्यावर सगळं ओतू नका, तोही दिवसभर त्याच देशाच्या फायलींमधे असतो.

निघायची तयारी सहा महिने आधी सुरू करा. ट्रान्सफर ऑर्डर आली की आधी केंद्राला सांगा, मग मुलींना, तारीख सांगून, फळ्याच्या कोपऱ्यात किती मंगळवार राहिले तो आकडा लिहीत चला. मी तसंच केलं. पहिल्या दिवशी दोघी रुसल्या, एक तीन आठवडे आलीच नाही, मग आली. आपल्या जागी दुसऱ्या दूतावासातली मैत्रीण आणण्यापेक्षा तिथलीच कुणी शिक्षिका तयार करा, कारण मैत्रीणही दोन वर्षांत जाणार. आम्हाला तिथल्याच कॉलेजात शिकणारी एक मुलगी मिळाली, शेवटचे तीन महिने वर्ग तिने घेतला आणि मी मागे बसले. प्रत्येक मुलीची एक वही, कुठपर्यंत आली, काय अडतंय, सगळं तिच्या हातात दिलं. फोन नंबर द्यायचा की नाही यावर मी खूप विचार केला, शेवटी केंद्राचाच नंबर ठेवला, महिन्यातून एकदा तिथे बोलायचे. डिसेंबर २०२४ मधे असद सरकार पडलं तेव्हा सगळ्यात आधी मी तिथेच फोन लावला. काही घरं परतीची बांधाबांध करत होती, काहींना परतायला घरच उरलं नव्हतं. वर्ग चालू होता, मंगळवारीच.

काकूंच्या सुनेला सध्या मी संध्याकाळी अरबी अक्षरं शिकवतेय, निघेपर्यंत जेवढं होईल तेवढं. पीसीसीचा अर्ज तिने भरलाय. काल आम्ही ऐन या अक्षरावर अडकलो, तो आवाज पार घशातून काढावा लागतो आणि तिला हसू येतं, आज साडेसहाला परत बसणार आहोत.